युद्ध जिंकलं ठीक आहे, पण बिल कुणी भरलं? (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आणि आजचं राजकारण)

जर्सीचा_निशाचर
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं न्यू जर्सीत काढली आणि घरापासून पाऊण तासावरचं मॉरिसटाउन काल पहिल्यांदा पाहिलं, तेही आईबाबा आलेत म्हणून. (पाहुणे आल्याशिवाय आपलं गाव बघायचं नाही हा आपला नियमच आहे.) तिथे जॉकी हॉलो नावाचं जंगल आहे, १७७९-८० च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सैन्याचा तळ तिथे होता. ओंडक्यांच्या झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्यात. एका झोपडीत १२ जण. फळ्यांचे एकावर एक बंक, एका भिंतीला चूल, खाली माती. बाबा जिल्हा कोषागारातून रिटायर झालेत. ते आत जाऊन फळीवर बसले, वर-खाली बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यांची पगारबिलं कोण पास करत होतं रे?"

घरी येऊन वाचत बसलो तर पहाटेचे तीन वाजले. उत्तर असं की जवळजवळ कुणीच नाही. काँग्रेसला (म्हणजे बंडखोर वसाहतींच्या मध्यवर्ती सभेला) कर लावायचा अधिकारच नव्हता म्हणून त्यांनी नोटा छापल्या, १७७५ ते १७७९ मध्ये सुमारे २४ कोटी डॉलरच्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच जाहीर करून टाकलं की ४० कागदी डॉलर म्हणजे १ चांदीचा. त्या झोपड्यांत माणसं उपाशी होती तेव्हा आजूबाजूच्या गावांत धान्य होतं, फक्त ह्या कागदावर ते विकायला कुणी राजी नव्हतं. शेवटी वॉशिंग्टनने जानेवारीत न्यू जर्सीच्या एकेका काउंटीला कोटा ठरवून दिला आणि मग गाड्या आल्या.

शाळेत आपण एकच ओळ पाठ केली, "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही". म्हणजे कर नको म्हणून युद्ध केलं आणि कर नाही म्हणून सैन्य उपाशी राहिलं. मला असं वाटायला लागलंय की स्वातंत्र्ययुद्धात लढलं कोण यापेक्षा बिल कुणाच्या नावावर फाडलं यावर पुढचं राजकारण ठरतं. पटतंय का? नसेल पटत तर हाणा.

चहाबाज
मी पयला!
३४२ पेट्या चहा बोस्टनच्या समुद्रात टाकणाऱ्या लोकांशी मला काही बोलायचं नाही. विषय संपला.

पाटणची_पोर
छान धागा. एक बाळबोध शंका, तो चहा आपला आसामचा होता का?

खडूस_मास्तर
पोरी, चहा चिनी होता. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठसत्तर वर्षं होती. ईस्ट इंडिया कंपनी आपल्याकडची, चहा चीनचा, कर लंडनचा आणि पाणी बोस्टनचं.

चहाबाज, पेट्यांचा आकडा बरोबर, १६ डिसेंबर १७७३. पण चहा महाग केला म्हणून लोक भडकले हा समज साफ चूक आहे. १७७३ च्या चहा कायद्याने चहा स्वस्त होणार होता! झालं असं की ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आलेली, लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंड वजनापेक्षा जास्त चहा पडून, तिकडे बंगालमध्ये १७७० चा दुष्काळ आणि इकडे १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या धडाधड बसल्या. मग सरकारने कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि वर अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा, इंग्लंडातली जकात माफ. अमेरिकेतला पौंडामागे ३ पेन्सचा कर तेवढा ठेवला. त्यामुळे तिथले नेहमीचे व्यापारी मधल्यामधे कटाप, चोरून डच चहा आणणारेही कटाप. आणि बोस्टनमध्ये कंपनीचा चहा विकायचं काम कुणाला? जी ठरावीक मंडळी नेमली त्यात गव्हर्नर हचिन्सनची दोन सख्खी मुलं. वर त्याच चहाच्या करातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार निघणार, म्हणजे त्यांना स्थानिक विधिमंडळाला विचारायची गरजच उरली नाही.

आजच्यासाठी काय घ्यायचं विचाराल तर मी हे घेईन. लोक ३ पेन्सवर चिडत नाहीत, ते पेन्स कुणाच्या घरी चाललेत ते दिसलं की चिडतात.

सासुरवाडीचा_जावई
म्हणजे कंत्राट मुलाला, सबकंत्राट भाच्याला ही पद्धत बोस्टनहून आली होय! उगाच आमच्या झेडपीला नावं ठेवतात.

मिरजकर
१७७३ म्हटलं की मला बोस्टन नंतर आठवतं, आधी ३० ऑगस्ट. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. तिथून पुढच्या तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा, अंगावर काटा येतो. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या दारात, सुरतेचा तह मार्च १७७५. एप्रिल १७७५ ला तिकडे लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच पुण्याला नाना फडणवीसांच्या भेटीला आला आणि कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत इंग्रजांची पाचावर धारण बसली. त्याच साली ऑक्टोबरात साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण गेली, १७७८ ला फ्रान्स उघड युद्धात उतरला, जानेवारी १७७९ ला इकडे वडगावला महादजींनी इंग्रजांना नाक घासायला लावलं. १७८० ला म्हैसूरचा हैदर अली अर्काटच्या कर्नाटिक मुलखात (आजचं तामिळनाडू) घुसला. ऑक्टोबर १७८१ यॉर्कटाउनला इंग्रज शरण, मे १७८२ सालबाईचा तह. आणि जून १७८३ मध्ये कडलूरला फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांना भिडलेले असताना युरोपात शस्त्रसंधी होऊन महिने उलटले होते, फक्त बातमी पोचायची होती. म्हणजे अमेरिकन युद्धाची शेवटची लढाई तामिळनाडूत झाली म्हणायला हरकत नाही.

अवांतर: १७८२ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव हैदर अली होतं आणि त्याने एक इंग्रज जहाज पकडलंसुद्धा. वॉशिंग्टनच्या लोकांना हैदर माहीत होता, आपल्याला मात्र पुस्तकात हे दोन विषय दोन वेगळ्या इयत्तांत.

खडूस_मास्तर
मिरजकर, तारखांबद्दल दंडवत. पण मूळ प्रश्नाकडे या. एकाच वेळी अमेरिका, फ्रान्स, स्पेन, हॉलंड, हैदर आणि पुणे असे सगळे अंगावर घेऊन इंग्रज उभे कसे राहिले? १७६३ लाच त्यांच्या डोक्यावर १३ कोटी पौंडांच्या घरात कर्ज होतं. त्या ओझ्यापायीच तर अमेरिकेवर कर बसवायला निघाले होते ना. तरी युद्ध हरल्यावरही लंडनमध्ये त्यांच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळत होतं, कारण व्याज चुकत नाही ही खात्री, आणि ती खात्री पार्लमेंटच्या करांवर उभी. आपल्याकडे बघा, पहिले बाजीराव एवढे अजिंक्य, आणि आपल्या गुरूंना, ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रं कसली लिहितात, तर सावकारांच्या तगाद्याची.

मिरजकर
मास्तर असहमत. मराठ्यांना हिशेब कळत नव्हता हा सूर मला मान्य नाही. पेशवे दप्तरात पैपैचा हिशेब आहे, हुंड्यांवर निम्मा हिंदुस्थान चालायचा.

खडूस_मास्तर
हिशेब येत नव्हता असं कुठे म्हटलं मी? हिशेब होता, पण कर्ज पेशव्यांच्या नावावर होतं, राज्याच्या नावावर नव्हतं. धनी बदलला की सावकार हवालदिल. इंग्लंडात राजा वेडा झाला (खरोखर झाला, १७८८ ला) तरी व्याज वेळेवर.

पाटणची_पोर
राजा वेडा झाला तरी व्याज वेळेवर. हे माझ्या बँकेच्या भिंतीवर लावायला हवं.

सासुरवाडीचा_जावई
निशाचर, काँग्रेसला कर लावता येत नव्हता म्हणजे नक्की काय? एवढं युद्ध लढतायत आणि वर्गणीवर?

जर्सीचा_निशाचर
हो, वर्गणीच. १३ राज्यांकडे मागायचं, देतील ती देतील. १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव आला, त्याला सगळ्या १३ राज्यांची संमती हवी होती. १२ हो म्हणाली. ऱ्होड आयलंड, सगळ्यात चिमुकलं राज्य, नाही म्हणालं. संपलं.

सासुरवाडीचा_जावई
आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव असाच नऊ वर्षं पडून आहे. तळमजल्यावरचे आजोबा सही करत नाहीत. आजपासून त्यांना ऱ्होड आयलंड म्हणणार.

निवृत्त_बँकवाला
ऱ्होड आयलंड हाहाहा. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आहेत.
(आजोबांचा मुद्दा रास्त आहे हो पण. तळमजल्याने लिफ्टचे पैसे का द्यायचे? जीएसटीच्या वेळी राज्यांनी भरपाई मागितली ती ह्याच न्यायाने. म्हणून तिथे पाच वर्षांची भरपाई कायद्यात लिहून द्यावी लागली, नुसतं देशहित देशहित करून भागलं नाही.)

आता गंभीरपणे. निशाचर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हॅमिल्टन आहे. १७९० मध्ये अर्थमंत्री म्हणून त्याने काय केलं, तर केंद्राचं कर्ज आणि राज्यांचंही युद्धकर्ज एका खात्यात घेतलं आणि सांगितलं की रोखा ज्याच्या हातात असेल त्याला दर्शनी किमतीने नवा रोखा. लोक म्हणाले अरे हे रोखे सैनिकांना पगाराऐवजी मिळालेले होते, त्यांनी अडीनडीला डॉलरला १५-२० सेंटने विकले, दलालांनी गोळा केले, आता त्यांना पूर्ण पैसे? प्रतिनिधीगृहातल्या मॅडिसनने मांडलं की मूळ धन्याला पण काही वाटा द्या. तो प्रस्ताव तिथे ३६ विरुद्ध १३ ने आपटला. मी ३४ वर्षं बँकेत काढली, माझं मत हॅमिल्टनला. कागद विकला की विकला. त्यात मागे जाऊन कोण गरजू कोण लबाड हे सरकार ठरवायला लागलं तर उद्या सरकारी रोखा कोण घेईल? देशाची पत त्या दिवशी तयार झाली.

धरणाखालचा
बँकवाले काका, तुमच्या वयाचा मान राखून बोलतो.

माझे आजोबा धरणग्रस्त. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा पर्यायी जमीन मिळणार असा कागद मिळाला. आजोबांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला, खाली लग्नातलं धोतर, वर कागद, त्यावर कापराच्या वड्या. दर उन्हाळ्यात पेटी उघडायची, कागदाला ऊन दाखवायचं, परत ठेवायचा. मधल्या काळात तालुक्याला किती खेपा झाल्या त्याला गणती नाही. कधी साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. आत्याच्या लग्नाच्या साली एक एजंट आला, चांगला पांढऱ्या कपड्यातला, म्हणाला बाबा कशाला जीव घालवता, हा कागद मला द्या, रोख घ्या. आजोबांनी दिला. गावातल्या बऱ्याच जणांनी दिले. दोन वर्षांत वाटप सुरू झालं. आज ती जमीन कालव्याला लागून आहे, ऊस आहे तिच्यावर, आमचा नव्हे.

आता तुम्ही म्हणणार कागद विकला की विकला. कायद्याने बरोबरच आहे. पण आजोबांना वाटप दोन वर्षांवर आलंय हे माहीत नव्हतं आणि त्या पांढऱ्या कपड्यांवाल्याला माहीत होतं. १७९० मध्ये पण हेच झालं की, राजधानीत योजना जाहीर झाली आणि खेड्यापाड्यात बातमी पोचायच्या आत दलालांची माणसं दक्षिणेकडे कागद गोळा करायला सुटली. ह्याला तुम्ही देशाची पत म्हणता. कुणाच्या जिवावरची ते पण एकदा लिहा की खाली.

निवृत्त_बँकवाला
धरणाखालचा, वाचून बराच वेळ तसाच बसलो. बातमी आधी फुटते त्याचं समर्थन मी करत नाही, करूही शकत नाही. पण मग मूळ रोखेवाल्यांची यादी १७९० मध्ये करायची कशी, हा प्रश्न मला अजून पडतो.

धरणाखालचा
बऱ्याचशा कागदांची नोंद सरकारदरबारी होती काका. मॅडिसनच्या बाजूचे तेच म्हणत होते. यादी करायची नसते तेव्हा ती अवघड असते.

चहाबाज
धरणाखालचा, _/\_

कापूसकोंड्या
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? अमेरिकेत युद्ध पेटलं की मुंबईत सोनं! दक्षिणेचा कापूस अडला, मँचेस्टरने वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड फिरवलं, मुंबईत शेअरबाजाराला उधाण, प्रेमचंद रायचंद...

मिरजकर
अहो ते १८६१ चं यादवी युद्ध. नव्वद वर्षं चुकलात.

कापूसकोंड्या
माहितीये हो, कोंड्या आहे, गोष्ट संपू तर द्या! १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या कर्जखतात अडकला. त्यात शेतसारा वाढवलेला. १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा. लोकांनी काय केलं, तर सावकारांकडून खतं मागून घेतली आणि जाळली. माणसाला कमी, कागदाला जास्त. मग १८७९ ला दख्खन शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

आणि आता आपल्या धाग्याचं. मॅसॅच्युसेट्स, १७८६. स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं. राज्याचं युद्धकर्ज फेडायला जबर कर, तो पण नाण्यातच भरायचा, आणि खेड्यात नाणं कुठेय? जमिनी जप्त, माणसं तुरुंगात. शेतकऱ्यांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली, कोर्ट बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही. पुढारी डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, शस्त्रागार राखणाऱ्यांनी तोफ डागली, चार मेले. बंड मोडायला जी मोठी फौज उभी केली तिच्यासाठी सरकारी तिजोरीत पैसे नव्हते, बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरचे घातले. ज्यांचे रोखे वसूल व्हायचे होते तेच. त्याच वर्षी मे मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसले, आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला मिळाला.

तर सुपे आणि स्प्रिंगफील्ड. आता म्हणा चुकलो.

मिरजकर
शब्द मागे. चहा माझ्याकडून.

चहाबाज
कुठे टाकू नका म्हणजे झालं.

उंटावरचा_शहाणा
सगळे अमेरिका अमेरिका करताय, हैतीचं कुणी नाव घेत नाही. गुलामांनी उठाव केला १७९१, १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य. आणि १८२५ ला फ्रान्सची लढाऊ जहाजं बंदरात येऊन म्हणाली, आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक टाका. त्या नुकसानीत गुलाम पण धरलेले, म्हणजे माणसांनी स्वतःचीच किंमत जुन्या मालकाला द्यायची! पहिल्या हप्त्याला फ्रेंच सावकारांकडूनच ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले हातात २ कोटी ४० लाख. १८३८ ला एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण फेडत पिढ्या गेल्या.
अमेरिका जिंकली तेव्हा तिला डचांनी कर्ज दिलं, मिसिसिपीपर्यंतचा मुलूख तहात मिळाला. हैतीला बिल मिळालं. निशाचर, तुमचं वाक्य बरोबरे पण अर्धं आहे. बिल कुणाच्या नावावर फाडायचं हे जिंकणारा दर वेळी ठरवू शकतच नाही.

पाटणची_पोर
आणि अमेरिकेतल्या गुलामांचं काय? नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढले तर मुक्त. शेकडो पळून गेले. त्यांच्या लेखी स्वातंत्र्याची बाजू कुठली होती मग?
बोस्टनच्या चहानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक छापलं आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना. स्वातंत्र्ययुद्धासाठी नाही, गुलामगिरी बंद केल्याबद्दल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारा टॉमस पेन त्यांनी वाचलेला होता, त्यामुळे ते युद्ध त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी अर्पणासाठी कुठली लढाई निवडली बघा.

उंटावरचा_शहाणा
+१०००. हा प्रतिसाद धाग्यात टाकायला हवा होता.

सासुरवाडीचा_जावई
कॉर्नवॉलिसचं कुणी काढलंच नाही. यॉर्कटाउनला हरला, शरण जायच्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून घरी बसला (आमच्या साहेबासारखा), आणि पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात हजर. नापास झाला की प्रमोशन.

खडूस_मास्तर
हसताय, पण तो तिकडून धडा शिकून आला असं वाटतं. कंपनीच्या वरच्या जागांवर फक्त गोरे, इथल्या मातीत रुजलेला मिश्र वर्ग नोकरीतून बाहेर, १७९३ ला बंगालात कायमधारा (जमीनमहसूल कायमचा ठरवून टाकला). इथे अमेरिका होऊ द्यायची नाही असंच ठरवलं होतं का, हे त्याच्या डोक्यात शिरून सांगता येणार नाही, पण परिणाम तोच झाला.

बाकी फ्रान्सचं पण राहिलं. इंग्रजांची जिरवायला लुई राजाने एक अब्ज लिव्हरच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) वर खर्च केला, मिळालं फारसं काही नाही, १७८९ ला तिजोरी कोरडी, कर लावायला सभा बोलावली ती परत घरी गेलीच नाही. बिल तिथे गळ्याशी आलं, अक्षरशः.

निवृत्त_बँकवाला
आणि १७९४ विसरू नका. त्याच वॉशिंग्टनने व्हिस्कीवरचा कर न देणाऱ्या पेन्सिल्वेनियाच्या शेतकऱ्यांवर १३,००० च्या आसपास फौज काढली, सुरुवातीला स्वतः घोड्यावर. करावरून बंड करणारा करासाठी बंड मोडायला निघाला. खुर्ची बदलली की वजावटीची बाजू बदलते.

जर्सीचा_निशाचर
दोन दिवस कामात होतो, धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार. उंटावरचा आणि पाटणची पोर यांनी माझ्या वाक्याची पार वाट लावली आणि ते मान्य आहे. धरणाखालचा यांचा प्रतिसाद काल जेवताना बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटीत कागद ठेवणारी माणसं मी खिडकीच्या ह्या बाजूने पाहिलीत." बस्स, पुढे भातच कालवत बसले.

अजून एक सापडलं. १ जानेवारी १७८१ ला त्याच जॉकी हॉलोतून पेन्सिल्वेनियाच्या हजारावर शिपायांनी बंड केलं, पगार थकला, मुदत संपली तरी सोडत नाहीत म्हणून. निघाले फिलाडेल्फियाकडे, काँग्रेसलाच गाठायला. वाटेत इंग्रजांचे दोन हेर आले, म्हणाले आमच्याकडे या, थकबाकी आम्ही देतो. शिपायांनी त्या दोघांना पकडून आपल्याच अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं, त्यांना फाशी झाली. आणि परत वाटाघाटीला बसले, पगाराच्याच.

बाबांना हे सांगितलं तर ते लगेच, "मग मिळाला का?" म्हटलं निम्म्याजणांना घरी सोडलं, पगारापोटी बहुतेक कागदच. तर विचारतात, "सही कुणाची होती कागदावर?"
आता शनिवारी परत जायचंय तिकडे, म्युझियम बघायचं राहिलंय म्हणे.

पाटणची_पोर
काकांना माझा नमस्कार सांगा. सही सापडली तर फोटो टाका.

चहाबाज
आणि थर्मास न्या. जंगलात चहा मिळत नसणार.